गवताळ जमिनीचे भाजीपाल्याच्या वाफ्यांत रूपांतर : हरळी, नत्र आणि हंगाम

दख्खनच्या पठारावरील जुने कुरण मोडून तेथे रासायनिक तणनाशके व खते यांच्याविना भाजीपाला घ्यावयाचा झाल्यास दोन समजुती हटकून आढळतात. वर्षानुवर्षे पडीक राहिलेली जमीन कसदार असलीच पाहिजे, ही पहिली; आणि गवत एकदा खणून काढले की काम संपले, ही दुसरी. पहिली समजूत अर्धसत्य आहे व दुसरी सर्वस्वी चुकीची. या रूपांतराचे यश अंगमेहनतीपेक्षा कोणते काम कोणत्या महिन्यात केले जाते यावर अधिक अवलंबून असते.

पूजेत दूर्वा म्हणून मान पावणारी हरळी शेतात मात्र सर्वांत चिवट तण ठरते. ती जमिनीवर धावत्या फांद्यांनी आणि जमिनीखाली काशांनी पसरते. काशा ही मुळे नव्हेत. ती भूमिगत खोडे होत. त्यांच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो आणि एकच पेरे असलेला तुकडाही ओल मिळताच नवे रोप उभे करतो. त्यामुळे पावसाळ्यात ओल्या जमिनीत फिरती पाती असलेले यंत्र चालविणे म्हणजे हरळीचे निर्मूलन नसून तिची लावणीच होय. लव्हाळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या गाठी साखळीने जोडलेल्या असतात व साखळी अखंड असेतोवर त्यांतील पुष्कळशा निद्रिस्त राहतात. साखळी तुटली म्हणजे त्या जागृत होतात. म्हणून एकदाच केलेली खणणी लव्हाळ्याच्या पथ्यावर पडते.

या दोन्ही तणांना मारक ठरते ते येथील ऊन. रब्बीच्या अखेरीस, जमिनीत थोडी ओल असतानाच, ती खोल उलथून ढेकळे तशीच ठेवावीत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघड्या पडलेल्या काशा व गाठी वाळून मरतात. दोन-तीन आठवड्यांनी ढेकळे पुन्हा परतावीत व उरलेल्या काशा दाताळ्याने वेचून काढाव्यात. हे काम कंटाळवाणे खरे, परंतु त्याला पर्याय नाही.

थंड देशांत न खणता गवतावर पुठ्ठे व त्यावर कुजलेल्या खताचा थर पसरण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिचा अनुवाद येथे जसाच्या तसा करता येत नाही. कोरड्या जमिनीत पुठ्ठा वाळवीचे भक्ष्य होतो आणि लव्हाळ्याचे टोकदार कोंब तर पातळ प्लॅस्टिकही भेदून वर येतात. ओल्या जमिनीवर उन्हाळ्यात पारदर्शक पॉलिथिन चार ते सहा आठवडे अंथरून ती तापविण्याची रीत इस्राएलमधील काटान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. लहान वाफ्यांसाठी ती उपयोगी आहे. खोलवरच्या काशांपर्यंत मात्र ती उष्णता पुरेशी पोहोचत नाही.

आता नत्राकडे वळू. तण निघाले तरी पहिल्या हंगामात पालक किंवा कोबी यांची रोपे पिवळी पडतात आणि जमीन निकस असल्याचा निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः मातीत गवताच्या मुळांचा मोठा साठा असतो, परंतु त्यात कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असते. कुजणाऱ्या द्रव्यातील कर्ब-नत्र प्रमाण २५ ते ३० च्या वर असले, की सूक्ष्मजंतू आपली गरज भागविण्यासाठी मातीतील विद्राव्य नत्र ओढून घेतात; वाळलेल्या गवताच्या मुळांत हे प्रमाण ५० च्याही पुढे असू शकते. हे नत्र नष्ट होत नाही, काही काळ अडकून पडते. जंतू मरून विघटित होऊ लागले म्हणजे ते पिकाला पुन्हा उपलब्ध होते. ही मुदत पिकाने नव्हे, हिरवळीच्या खताने भरून काढणे शहाणपणाचे. पहिल्या पावसावर ताग दाट पेरावा. त्याच्या सावलीत उरलीसुरली हरळी, जी स्वभावतः सूर्यप्रेमी आहे, दुबळी होते. आणि सहा ते आठ आठवड्यांनी, फुलोऱ्यावर येताच, तो गाडला म्हणजे मातीला नत्र मिळते. यानंतर जमीन वारंवार उलथू नये; गवताने साठविलेला कर्ब प्रत्येक खणणीबरोबर खर्च होत जातो.

जुन्या गवताखाली आणखी एक धोका दडलेला असतो, तो म्हणजे हुमणी. तिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करणे हाच सोपा उपाय आहे. न कुजलेले शेणखत त्यांना आकर्षित करते, म्हणून ते टाळावे. ब्रिटनमधील अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. १९३९ मध्ये तेथील सरकारने जुनी कुरणे नांगरणाऱ्यांना एकरी २ पौंड अनुदान दिले आणि तारकृमींचा प्रश्न लगेच पुढे आला. हे कृमी चार-पाच वर्षे मातीत राहतात. पहिल्या वर्षी ते गाडलेल्या गवतावर जगतात व पुष्कळदा खरे नुकसान दुसऱ्या वर्षी करतात. त्यामुळे मातीचे नमुने घेऊन, कृमींची संख्या मोजून मगच पिकाचा सल्ला दिला जाई.

येथेही पिकांचा क्रम त्याच तर्काने लावावा. ताग गाडल्यानंतर प्रथम चवळी, गवार, वाल यांसारखी स्वतःचे नत्र मिळविणारी पिके व भुई झाकणारे भोपळवर्गीय वेल घ्यावेत, पालेभाज्या त्यानंतर. गाजर, मुळा व रताळी हुमणीचा अंदाज आल्याशिवाय लावू नयेत.

अर्थात प्रत्येक माळ मोडण्याजोगा नसतो. सोलापूरजवळील नान्नजच्या ज्या माळरानाला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तसल्या नैसर्गिक तृणभूमीला ‘पडीक’ म्हणणे ही महसुली परिभाषा आहे, वनस्पतिशास्त्राची नव्हे. वरील विवेचन घराजवळच्या, पूर्वी कधी तरी कसलेल्या व मग गवताने व्यापलेल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांपुरते समजावे. अशा तुकड्याभोवती वीतभर खोल चर खणून तो नियमाने साफ ठेवावा लागतो. कारण आतील हरळी मेली तरी बांधावरची दर पावसाळ्यात पुन्हा वाफ्याकडे सरकतेच.