पाण्यात म्हैस, वर मोल : मुलासाठी जुनी मोटार घेताना

खरसुंडीच्या बाजारात किंवा जतला यल्लम्मादेवीच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. शिंगांच्या रंगावर कोणी पैसे मोजत नाही. पण हाच माणूस पोरासाठी जुनी मोटार घ्यायला गेला, की नेमका रंगावर भुलतो.

आमच्या ओळखीचे एक आप्पा आहेत. डाळिंबाचे चार पैसे हाती आले आणि मुलगा बारावी होऊन अठरा वर्षांचा झाला. मुलाचा हट्ट डिकीच्या गाडीचा. आप्पांचीही ना नव्हती, कारण म्हातारीला दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यावे लागते. मला म्हणाले, "साहेब, गाडी ठरल्यागत हाय. तुमी नुसतं बघाय चला."

सांगलीत गाडी पाहिली. २०१८ सालची, पांढरीशुभ्र, आत अत्तराचा वास, आणि किंमत बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी कमी. मुलगा तर आत बसूनही मोकळा झाला. मी सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर भागावर मातीची रेघ होती. डिकीतले जादा चाक उचलले, तर खालच्या खळग्यात वाळलेला काळा गाळ. जन्मभर मातीच हाताळली आहे. हा गाळ जतच्या मुरमाड रानातला नव्हे, कृष्णाकाठचा, हे ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. २०१९ च्या महापुरात ती गाडी बुडून निघाली होती. आप्पा बयाणा देण्याच्या बेतात होते, तसेच उठले. मुलगा परतीच्या वाटेवर अवाक्षर बोलला नाही.

आपल्याकडे प्यायच्या पाण्याला टँकर, पण पुरातली गाडी मात्र दारात येऊ शकते. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगली-मिरजेने पूर पाहिले. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू होते. पण तिच्या तारांचे जोड आतून गंजत जातात, आणि एअरबॅग व एबीएस ब्रेक त्याच तारांवर चालतात. म्हणजे ऐन वेळी दगा. ज्याचा हात अजून बसलेला नाही अशा पोराच्या हाती ती देणे म्हणजे चाळीस हजारांसाठी जीव गहाण टाकणे होय.

आधी परवाना, मग गाडी

मोटारीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. आधी शिकाऊ परवाना, त्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा. शिकाऊ असताना शेजारी परवानाधारक माणूस हवाच. "गावातल्या गावात चालवतोय" ही सबब कायद्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही.

कोणत्या सालची घ्यावी?

एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकासमोर एअरबॅग सक्तीची झाली. २०२२ पासून शेजारच्या सीटपुढेही एअरबॅग आली. म्हणून साधारण २०१९ अखेरनंतरची गाडी पाहावी. त्याआधीची घ्यायचीच असेल, तर या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत याची खात्री करावी. १५ वर्षांच्या जवळ आलेली गाडी स्वस्त दिसते. पण १५ वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते आणि २०२२ पासून तिची फी बरीच वाढली आहे.

इंजिन लहान व पेट्रोलचे बरे. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या घराला डिझेल परवडत नाही. शिवाय २०२० नंतरच्या डिझेल गाडीचा धूर गाळणारा फिल्टर जवळच्या फेऱ्यांनी तुंबतो. आपल्या भागातला मिस्त्री ज्या गाडीचे काम जाणतो आणि जिचे सामान जवळ मिळते, तीच आपली गाडी.

दात आणि खूर

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा थर दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची शंका घ्यावी. टायर एकाच बाजूने झिजला असेल तर चाकांचा जोड बिघडला आहे किंवा गाडी ठोकलेली आहे. टायरवर चार आकडे असतात : ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा.

मीटरवर फार विसंबू नये. मीटर तीस हजार सांगते आणि ब्रेकच्या पायटीचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा. चावी फिरवताच एअरबॅग व एबीएसचे दिवे लागून थोड्या वेळात विझले पाहिजेत. दिवा लागलाच नाही, तर दोष लपवण्यासाठी तो काढला असावा असे समजावे. शेवटी गाडी विजापूर-गुहागर रस्त्यावर आणि खाचखळग्यांच्या वाटेवरही चालवून पाहावी. मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे.

कागद

जमीन घेताना सातबाऱ्यावरचा बोजा आपण पाहतो. तसाच आरसी बुकावर कर्जाचा बोजा असतो. तो फायनान्स कंपनीच्या दाखल्यासह नमुना ३५ भरून उतरवून घ्यावा. नावबदलीसाठी नमुना २९ व ३० लागतात. खरेदीनंतर ३० दिवसांत अर्ज करावा आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यास द्यावा. थकलेली चलने आधी भरून घ्यावीत. विजापूर, अथणीकडची गाडी स्वस्त मिळाली तरी हुरळू नये. तिला तिकडचा ना-हरकत दाखला लागतो, आणि ती १२ महिन्यांहून अधिक काळ इकडे ठेवायची तर फेरनोंदणी करून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो.

जवळची सगळी रक्कम खरेदीत घालू नये. चार टायर, बॅटरी, ब्रेक आणि विमा यांसाठी पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा.

आप्पांनी पुढे दीड महिन्याने २०२० ची पेट्रोल गाडी घेतली. एका निवृत्त शिक्षकांची, रंग राखाडी, दारावर एक ओरखडा. मुलाने नाक मुरडले. पण महिनाभर आप्पा शेजारी बसल्याशिवाय किल्ली मिळाली नाही, आणि परवा तोच आजीला मिरजेला घेऊन गेला. म्हातारी परत येऊन म्हणाली, "पोरगं गाडी हळू हाकतंय, बाबा."

गाडीची याहून चांगली पावती मला ठाऊक नाही. म्हैस पाण्याबाहेर काढल्याशिवाय मोल करू नये, आणि मोटारीचा पट्टा शेवटपर्यंत ओढल्याशिवाय बयाणा देऊ नये.