कुंडीतील क्रोटन : लागवड व निगा

एके काळी रेल्वेच्या वीजघरामुळे ओळखल्या जाणाऱ्या ठाकुर्लीच्या परिसरातील भाताची बरीचशी खाचरे आता इमारतींखाली गेली आहेत. उरलेल्या चार-दोन गुंठ्यांत रोपवाटिका करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास सज्जात ठेवण्याजोगी रंगीत पानांची झाडे विकता येतात. त्यांत क्रोटन चांगले. मात्र नेलेले झाड आठवड्यात पाने गाळते व गिऱ्हाईक कुंडी घेऊन परत येते, ही तक्रार नेहमीची आहे. दोष झाडाचा नसून बहुधा विकणाऱ्याच्या घाईचा असतो.

हे झुडूप मूळचे मलाया द्वीपसमूह व प्रशांत महासागरातील बेटांकडील, कूळ एरंडाचे. वास्तविक क्रोटन ही शास्त्रीय संज्ञा जमालगोट्याच्या प्रजातीची आहे. कुंडीतले झाड त्याच कुळातील, परंतु निराळ्या प्रजातीचे. त्याचा चीक अंगास लागल्यास खाज सुटते व कपड्यास डाग पडतो. शेळ्यांना व लहान मुलांना ते तोंडी लावू देऊ नये. लांब तुऱ्यावर बारीक पांढरी नर-फुले येतात, मादी-फुलांचा तुरा वेगळा असतो. फुलांना शोभा अशी नाही. खरा बाजारभाव पानांचा.

पानांचा रंग प्रकाशावर अवलंबून असतो. अंधाऱ्या खोलीत नवी पाने हिरवीच राहतात. सकाळचे ऊन मिळणारी खिडकी उत्तम. पण प्रकाशातील बदल हळूहळू झाला पाहिजे. प्रस्तुत लेखकाने एका मे महिन्यात सावलीत वाढविलेल्या कुंड्या एकदम गच्चीवर मांडल्या. थोड्याच दिवसांत पाने करपली. म्हणून विक्रीपूर्वी दोन-तीन आठवडे झाडे अर्धसावलीत ठेवावीत. तरीही पाने गळालीच, तर फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसल्यास झाड जिवंत आहे. गिऱ्हाइकास हे आधीच सांगावे व पाणी वाढविण्यास मनाई करावी. पाने गळाली म्हणून अधिक पाणी घालणे, यातच बहुतेक झाडे मरतात.

बियांपासून मातृवृक्षाचे रंग हुबेहूब उतरत नाहीत, म्हणून गुटी कलमच करावे. पाऊस सुरू झाल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरील सुमारे दोन सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढावी. चीक पुसून ओले शेवाळ गुंडाळावे आणि वर प्लॅस्टिकचा कागद दोन्ही टोकांस घट्ट बांधावा. साधारण एक ते दीड महिन्यात कागदातून मुळे दिसतात. मग फांदी खालून कापून कुंडीत लावावी व काही दिवस सावलीत ठेवावी.

खाचरातील चिकण माती एकटी वापरू नये; ती कुंडीत घट्ट बसते. दोन भाग पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत व एक भाग वाळू घ्यावी. बोट बुडवून माती वरून कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडीखालील बशी काढून ठेवावी. तीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

उन्हाळ्यात कोळी किडीमुळे पाने फिकट पडतात. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याची जोरदार फवारणी करावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाने पुसून काढावा व नवी कुंडी आणल्यावर ती पंधरा दिवस इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी.