दारं दिवसा धरायची तर

वरवंडच्या शिवारात पाण्याची वानवा तशी कमी. खडकवासल्याच्या कालव्याचं आवर्तन सुटलं की व्हिक्टोरिया तलाव भरतो, आसपासच्या विहिरींना पाझर लागतो आणि ऊस तगतो. अडतं ते लाईटीपाशी. शेतीच्या फीडरला दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास, आलटून-पालटून वीज मिळत आली. रात्रपाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला उसात शिरायचं.

त्या उसात आता बिबट्या आहे. शेजारच्या शिरूरच्या बेट भागात, म्हणजे घोड आणि कुकडी या नद्यांमधल्या पट्ट्यात, पिंपरखेड-जांबूतला 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन मुलं होती. हे हल्ले दिवसाउजेडीही झाले, तेव्हा दिवसाच्या विजेने बिबट्याचा प्रश्न सुटेल असं कुणी सांगू नये. पण माणसाला काळोखात उसाच्या सरीत उभं करणारी व्यवस्था बदलता येते, आणि ती बदलायलाच हवी.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, स्वतःचा सौर पंप. 2024 पासूनच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5, त्यापुढे साडेसात.

पण सौर पंप चालतो उन्हाच्या तालावर. सकाळी धार बारीक असते, दुपारी जोर येतो, ऊन कललं की ती पुन्हा मंदावते. पाटपाण्याची सवय असलेल्याला इथेच फसल्यासारखं वाटतं, कारण बारीक धार सरीच्या शेवटापर्यंत पोचतच नाही, वाटेतच मुरते. म्हणून पाणी आधी शेततळ्यात किंवा हौदात साठवावं, किंवा ठिबकचे भाग लहान पाडून उन्हाच्या जोराप्रमाणे एकेक चालवावेत. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, वाढत्या उसाची सावली पडणार नाही अशा जागी बसवावं आणि धूळ वरचेवर पुसावी. ही कामं साधी आहेत, पण पंपाचा निम्मा उपयोग त्यांवरच ठरतो. सामायिक विहिरीवर मात्र पाळीचं आधी ठरवून घ्यावं. पूर्वी आठ-दहा तासांत वाटली जाणारी पाळी आता ऐन उन्हाच्या मोजक्या तासांत बसवायची असते, आणि दुपारची पाळी प्रत्येकालाच हवी असते.

दुसरा मार्ग अख्ख्या फीडरचा. 2017 मध्ये आलेल्या आणि 2023 मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि जुन्याच मोटारींना दिवसा वीज मिळते. विस्तारलेल्या योजनेतला पहिला प्रकल्प, 3 मेगावॉटचा, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. दाट वस्तीच्या, तुकड्या-तुकड्यांच्या बागायती पट्ट्याला मला हाच मार्ग बरा वाटतो: आपल्या रानातली गुंठाभर जागाही पॅनेलखाली जात नाही, सामायिक विहिरीवर नवा पंप कुणाच्या नावावर हा वादही उभा राहत नाही.

मात्र दोन्ही मार्गांत एक धोका सारखाच आहे, बेसुमार उपशाचा. सौर पंपाला बिल येत नाही, आणि राज्याच्या योजनेत साडेसात एचपीपर्यंतचं शेतीचं वीजबिलही 2024 पासून पाच वर्षांसाठी माफ आहे. मग मोटार बंद कशासाठी करायची? कालव्याखालच्या विहिरींना आवर्तनाचा आधार तरी आहे. बोअरवेलवाल्यांना तोही नाही. म्हणून सौर पंपाच्या अर्जासोबतच ठिबकचाही अर्ज करावा.