विरोधी बाकांवरून : राम नाईक

बोरिवलीतून १९७८ पासून सलग तीनदा विधानसभेवर आणि १९८९ पासून सलग पाचदा उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेलेले राम नाईक पुढे केंद्रात मंत्री झाले खरे. परंतु त्यांची संसदीय कर्तबगारी, आमच्या मते, १९९१ ते १९९६ या विरोधी बाकांवरील कालखंडातच विशेषत्वाने प्रकट झाली. लोकसभेत शुक्रवारचे अखेरचे अडीच तास अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या, कामकाजासाठी राखीव असतात, आणि तेथे मांडलेली बहुतेक विधेयके दप्तरीच पडून राहतात. तथापि स्तनपानास उत्तेजन देऊन शिशुदुग्धाच्या जाहिरातींस मनाई करू पाहणारे नाईकांचे विधेयक शासनाने स्वतःच उचलून धरले व १९९२ साली त्या विषयाचा कायदा झाला. दूध-पावडरीच्या डब्यावर आज गुटगुटीत बाळाचे वा मातेचे चित्र छापता येत नाही आणि आईचे दूधच बाळाला सर्वोत्तम, ही सूचना ठळक द्यावीच लागते, ती याच कायद्यान्वये. संसदेत ‘जन गण मन’ व ‘वंदे मातरम्’ यांचे गायन १९९२ मध्ये सुरू झाले, तेही त्यांच्या चिकाटीच्या पाठपुराव्याने. सरकारी जमाखर्चाची झडती घेणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद, जे प्रघाताने विरोधी पक्षाकडे असते, १९९५-९६ मध्ये त्यांच्याकडे होते.