हप्ता किती? आणि एकूण किती?

दारात नवी फटफटी उभी राहिली. घरधनिणीने तिला हळदकुंकू लावले, हार घातला. शेजारीपाजारी जमले. सगळ्यांना पेढे मिळाले. कोणी तरी विचारले, "केवढ्याला पडली?" घरधनी म्हणाला, "महिन्याला फक्त सव्वीसशे!"

पाहिलेत? प्रश्न किंमतीचा होता. उत्तर मिळाले हप्त्याचे. पुष्कळ घरांचा हिशेब इथेच चुकतो. तो कसा, ते आपण पाहू.

असे घर तुमच्याही गावात असेल. घरधनी साखर कारखान्यात कामाला आहे. दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. महिन्याला वीस हजार रुपये घरात येतात. खाणारी माणसे पाच. त्याला दारू नाही, पत्ते नाहीत. लोक म्हणतात, "खाऊनपिऊन सुखी आहे." मग असे घर अडचणीत का यावे?

त्याचा महिन्याचा खर्च मांडून पाहू.

किराणा, भाजी, दूध: ७,००० रुपये
मुलांची शाळा, वह्या, पुस्तके: ३,००० रुपये
दवापाणी: १,५०० रुपये
वीज, गॅस, मोबाइल: २,००० रुपये
कपडे, प्रवास, आहेर: ३,००० रुपये

एकूण झाले १६,५०० रुपये. हाती उरले ३,५००. त्यातून हप्ता गेला २,६००. राहिले ९००. ते पेट्रोलने खाल्ले. शिल्लक काही नाही. पोर आजारी पडले, की हात पसरणे आले.

आता त्या हप्त्याचा हिशेब बघा. कर्ज ७२,००० रुपये. मुदत तीन वर्षे. विकणारा म्हणाला, "व्याज वर्षाला शेकडा दहाच हो!" म्हणजे वर्षाचे व्याज ७,२०० आणि तीन वर्षांचे २१,६००. एकूण फेड ९३,६०० रुपये.

पण गोम पुढेच आहे. दीड वर्ष झाले, म्हणजे निम्मे मुद्दल परत गेले. तरी व्याज पुऱ्या ७२,००० रुपयांवरच लावलेले असते. जे पैसे आपण परत दिले, त्यांचेही व्याज आपण भरतो! म्हणून बोलायला दहा, पण खरे व्याज पडते शेकडा अठराच्या जवळ.

कोणी म्हणतो, "आमचा हप्ता बिनव्याजी." त्यालाही भुलू नका. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले, की शून्य व्याज असे काही नसतेच. ते व्याज वस्तूच्या किंमतीत नाही तर वरखर्चात लपलेले असते.

मग फटफटी घेऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. कोणी तिच्यावरून रोज डेअरीला दूध नेतो. तिच्या जोरावर चार पैसे जादा मिळवतो. त्याचे कर्ज कमावते कर्ज आहे. आपल्या घरधन्याची जुनी गाडी मात्र चांगली चालत होती. शेजाऱ्याने नवी आणली, म्हणून याने आणली. हे खाते कर्ज. ते घरातले खाऊन वाढते.

पुढे वैशाखात धाकट्या बहिणीचे लग्न निघाले. बायको म्हणाली, "अहो, देवळात करू. घरची माणसं जेवू घालू." तो म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?" झाले! बँड आला, मांडव आला, गावजेवण झाले. त्यासाठी एका सावकाराकडून ५०,००० रुपये काढले. व्याज महिन्याला शेकडा पाच.

पाच आकडा लहान दिसतो. पण तो महिन्याचा आहे. वर्षाचे झाले शेकडा साठ! महिन्याला नुसते व्याज अडीच हजार. वीस महिन्यांत ५०,००० रुपये व्याज भरून होते, आणि मुद्दल जिथल्या तिथे. नावे ठेवणारे लोक जेवून गेले. व्याज भरायला त्यांतला एकही आला नाही.

शेवटी एका रात्री नवराबायको वही घेऊन बसली. बायको म्हणाली, "बोरमाळ गळ्यात ठेवून महिन्याला अडीच हजार द्यायचे, त्यापरीस ती बँकेत गहाण टाका. आधी सावकाराचं मिटवा." तिचे गणित बरोबर होते. सोन्यावर बँकेचे व्याज याच्या मानाने पुष्कळ कमी असते. जे कर्ज सर्वांत महाग, ते आधी फेडावे.

एक जुनी गोष्ट सांगतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी कर्जाचे कागद हिसकून जाळले. त्यांतल्या बहुतेकांना तो कागद वाचता येत नव्हता. अंगठा त्यांचा, मजकूर सावकाराचा. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला.

आज तुम्हाला वाचता येते. मग त्याचा उपयोग करा. १ ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती कर्ज देताना बँकेने आणि फायनान्स कंपनीने एक माहितीपत्रक दिलेच पाहिजे. ते आपल्याला समजेल अशा भाषेत हवे. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचे खरे व्याज लिहिलेले असते. ते मागून घ्या आणि वाचा. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते.

सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. एकूण किती रुपये फेडायचे? व्याज महिन्याचे की वर्षाचे? हे कर्ज घरात पैसे आणील, की घरातले नेईल?

आपले वाडवडील सांगत आले, की अंथरूण पाहून पाय पसरावेत. पण अंथरूण केवढे आहे, हे आधी मोजावे लागते. आज रात्री एक वही काढा. एका बाजूला जमा लिहा, दुसऱ्या बाजूला खर्च. घरातल्या बाईला शेजारी बसवा. हिशेब दोघांनी मिळून करा.