बिघडलेली हार्ड डिस्क व तिच्यातील खासगी माहितीचा निरास

निरुपयोगी झालेली वस्तू आणि वाचता न येणारी वस्तू यांत भेद आहे. कागदाच्या बाबतीत तो सहज ध्यानात येतो. फाटक्या वहीतील अक्षरे डोळ्यांना दिसत असतात, म्हणून ती रद्दीत घालण्यापूर्वी मनुष्य एकदा चाळून पाहतो. संगणकाच्या हार्ड डिस्कची गोष्ट निराळी आहे. ती बंद पडली की मालकाला तिच्यातील काहीच दिसेनासे होते. आणि जे आपणांस दिसत नाही ते इतर कोणासही दिसणार नाही, असा समज मनात दृढ होतो. हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

विद्यापीठाच्या दृष्टीने या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथील हार्ड डिस्कवर केवळ मालकाचीच माहिती असते असे नाही. क्षेत्रीय पाहणीत नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर दिलेल्या मुलाखती, रुग्णांचे तपशील, विद्यार्थ्यांचे गुण, जातीचे व उत्पन्नाचे दाखले, आधार क्रमांक अशी परक्यांनी विश्वासाने सोपविलेली सामग्री तिच्यावर साठलेली असते. बँकेचा पासवर्ड बदलता येतो. उघड झालेला आजार किंवा नावानिशी बाहेर आलेली साक्ष मागे घेता येत नाही. म्हणून बिघडलेल्या डिस्कची विल्हेवाट हा केवळ अडगळ दूर करण्याचा प्रश्न राहत नाही.

१. लेखन कोठे असते

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली पुढे आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि तिच्यावर सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. पुढे आकार कमालीचा घटला व क्षमता कमालीची वाढली, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. अॅल्युमिनियमच्या किंवा काचेच्या चकतीवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. चकती वेगाने फिरते आणि तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगणारे शीर्ष त्या थरातील सूक्ष्म भागांचे चुंबकन बदलून लेखन करते. हे चुंबकन टिकविण्यास विजेची गरज नसते. मोटर, शीर्ष आणि बाहेरील विद्युत्‌फलक ही लेखन-वाचनाची साधने होत. लेखन स्वतः चकतीवर असते. साधन मोडल्याने लेखन पुसले जात नाही.

याचे एक लक्षणीय उदाहरण उपलब्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना भंगले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यानात झेनॉन वायूच्या श्यानतेसंबंधी एक प्रयोग चालू होता. त्याची हार्ड डिस्क काही महिन्यांनी टेक्सास राज्यात अवशेषांमध्ये होरपळलेल्या अवस्थेत सापडली. तज्ज्ञांनी चकत्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रणेत बसविल्या तेव्हा जवळजवळ सर्व नोंदी परत मिळाल्या, आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. आकाशातून कोसळूनही जे लेखन वाचले, ते टेबलावरून पडल्याने नष्ट झाले असे मानण्यास आधार नाही.

२. पुसणे आणि पुसल्यासारखे दिसणे

फाइल काढून टाकण्याची आज्ञा दिली असता संगणक साधारणतः फाइलचा मजकूर पुसत नाही. अनुक्रमणिकेतील तिची नोंद रद्द करून ती जागा रिकामी समजतो. ग्रंथालयातील सूचिपत्र फाडले तरी ग्रंथ फडताळात राहावा, तसाच हा प्रकार आहे. सिमसन गारफिंकेल व अभि शेलाट यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेऊन केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या केवळ १२ निघाल्या. उरलेल्यांतून त्यांच्या हाती पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक आले.

खरे पुसणे म्हणजे सर्व जागेवर नवे लेखन करणे. पीटर गटमन यांनी १९९६ साली ३५ वेळा पुनर्लेखन करण्याची योजना मांडली, आणि तो आकडा पुढे जणू नियमच होऊन बसला. वस्तुतः ती योजना त्या काळच्या विविध जुन्या लेखनपद्धती ध्यानात घेऊन आखलेली होती. आधुनिक चुंबकीय डिस्कवर संपूर्ण जागेचे एकदा केलेले पुनर्लेखनही सामान्यतः पुरेसे ठरते.

परंतु बिघडलेल्या डिस्कच्या बाबतीत खरी अडचण येथेच उद्‌भवते. पुनर्लेखनासाठी डिस्कने आज्ञा पाळणे आवश्यक असते. जी डिस्क आज्ञाच स्वीकारत नाही, तिला स्वतःस पुसण्यास सांगता येत नाही. आणि तिच्यावरील लेखन मात्र शाबूत असते. सुस्थितीतील डिस्कपेक्षा मोडकी डिस्क म्हणूनच अधिक जोखमीची ठरते.

३. बिघाडाचे प्रकार

पहिल्या प्रकारात केवळ विद्युत्‌फलक किंवा जोडणी निकामी होते. येथे चकत्या सुरक्षित असतात. जाणकार कारागीर फलक दुरुस्त करून अथवा बदलून सर्व मजकूर वाचू शकतो. दुसऱ्या प्रकारात मोटर किंवा शीर्ष निकामी होते. अशी डिस्क धूलिरहित खोलीत उघडावी लागते. ते काम खर्चाचे असले तरी अशक्य नव्हे. तिसऱ्या प्रकारात चकतीचे काही भाग खराब होतात व डिस्क अडखळत चालते. ती पुनर्लेखन स्वीकारील. तथापि खराब म्हणून बाजूला काढलेल्या भागांपर्यंत नेहमीची आज्ञा पोहोचत नाही आणि तेथील जुना मजकूर तसाच राहू शकतो. तात्पर्य, पहिल्या दोन प्रकारांत पुनर्लेखन अशक्य असते, तर तिसऱ्यात ते अपुरे ठरण्याचा संभव असतो.

४. नाशाचे उपाय

घरगुती लोहचुंबक डिस्कवरून फिरविल्याने काही साधत नाही. आधुनिक चकतीवरील चुंबकन बदलण्यास अतिशय प्रबळ क्षेत्र लागते. ते निर्माण करणारी विचुंबकन यंत्रे स्वतंत्र असतात व त्यांची शक्ती त्या डिस्कला पुरेशी आहे याची खात्री करावी लागते. अशा यंत्रातून गेलेल्या डिस्कवरील मार्गदर्शक खुणाही नाहीशा होतात, म्हणून ती पुन्हा वापरता येत नाही. बंद पडलेल्या चुंबकीय डिस्कसाठी हा एक उत्तम उपाय होय.

दुसरा उपाय म्हणजे यंत्राने बारीक तुकडे करणे. छिद्र पाडणे किंवा हातोडा मारणे हे त्यामानाने कनिष्ठ उपाय आहेत, कारण एक चौरस सेंटीमीटर तुकड्यावरही कित्येक गिगाबाइट मजकूर मावतो. अर्थात अशा तुकड्यावरून वाचन करणे हे प्रयोगशाळेचे काम आहे, भंगारवाल्याचे नव्हे. आणि सामान्य कुटुंबास तेवढे संरक्षण बहुधा पुरते. घरी हे काम करावयाचे झाल्यास ताराकृती पेचकसाने झाकण उघडून चकत्या बाहेर काढाव्यात आणि धातूच्या चकतीच्या दोन्ही बाजू खरखरीत पॉलिशपेपरने घासून ती वाकवावी. काचेची चकती जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा घालून फोडावी. आतील लोहचुंबक इतके प्रबळ असतात की दोहोंमध्ये बोट सापडल्यास इजा होते. डिस्क जाळू मात्र नये. त्यातून विषारी धूर निघतो.

चकत्या नसलेल्या एसएसडी प्रकाराला यांतील पुष्कळसे लागू पडत नाही. तेथे मजकूर विद्युत्‌भाराच्या रूपाने चिपांमध्ये असतो, त्यामुळे विचुंबकन निष्फळ ठरते. शिवाय झीज समप्रमाणात व्हावी म्हणून नियंत्रक मजकूर सतत निरनिराळ्या जागी लिहितो, आणि जुन्या प्रती मागे राहतात. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये असे दाखविले की, काही एसएसडींत पुसण्याची आज्ञा यशस्वी झाल्याचे कळविले जात असूनही मजकूर शिल्लक होता. बिघडलेल्या एसएसडीतील प्रत्येक चिप फुटेल असाच तिचा नाश केला पाहिजे.

५. संस्थेचे कर्तव्य

संस्थांकडून चूक होते ती बहुधा तंत्राच्या अज्ञानामुळे नव्हे, तर ताब्याच्या साखळीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. मॉर्गन स्टॅन्ले या वित्तसंस्थेने जुन्या डिस्कची विल्हेवाट माहितीनाशाचा अनुभव नसलेल्या एका वाहतूक कंपनीकडे सोपविली. काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसह लिलावात विकल्या गेल्या. अमेरिकेच्या रोखे नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये या प्रकरणी ३ कोटी ५० लक्ष डॉलरचा दंड केला. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहितीच्या सुरक्षिततेची व प्रयोजन संपल्यावर ती पुसण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. तर २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले, असा कचरा नोंदणीकृत प्रक्रियाकारांकडेच गेला पाहिजे.

विभागापुरता क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येईल. प्रथम, डिस्कवरील काही नोंदी लेखापरीक्षणासाठी किंवा संशोधनासाठी जतन करणे आवश्यक आहे काय, हे ठरवावे. प्रत नसेल तर नाशापूर्वी पुनःप्राप्ती करावी. नंतर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाबरोबरच डिस्कचा अनुक्रमांकही नोंदवावा आणि निर्लेखनाचा निर्णय होईपर्यंत ती कुलपात ठेवावी. नाश जबाबदार व्यक्तीसमक्ष व्हावा आणि प्रमाणपत्रावर तोच अनुक्रमांक असावा. हमीच्या मुदतीत बिघडलेली डिस्क बदलून घेताना जुनी डिस्क मजकुरासह कंपनीकडे जाते, हेही विसरू नये. खासगी माहिती असल्यास नव्या डिस्कवरील हक्क सोडणे श्रेयस्कर. अनेक मोठ्या झेरॉक्स यंत्रांतही हार्ड डिस्क असते व तिच्यावर प्रती काढलेल्या कागदांच्या प्रतिमा राहू शकतात, म्हणून तीही या क्रमातून सुटू नये.

सर्वांत सुलभ उपाय मात्र डिस्क बिघडण्यापूर्वीचा आहे. पहिल्या दिवसापासून सर्व डिस्क कूटबद्ध ठेवली, पासवर्ड बळकट निवडला आणि किल्ली अन्यत्र सुरक्षित असली, तर बंद पडलेल्या डिस्कवर परक्याच्या हाती केवळ अर्थहीन चिन्हे लागतात. बिघाड केव्हा होईल हे कोणास सांगता येत नाही. म्हणून विल्हेवाटीची तयारी नवी डिस्क बसविण्याच्या वेळीच केली पाहिजे.