सातारा-सांगलीचे आरोग्य नियोजन: डॉक्टर आणि व्यवस्थापकांनी एकत्र बसून काय ठरवावे?

जिल्ह्यात आरोग्य नियोजनाच्या बैठका, कार्यशाळा आणि परिषदा होत असतात. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, रुग्णालयातले तज्ज्ञ, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, कार्यक्रम व्यवस्थापक आणि लेखा विभागाची माणसे अशा वेळी एकत्र येतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे कागदी काम वाटते. पण आपल्या केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील का, रात्री दोन वाजता सिझेरियन कुठे होईल, पूर आल्यावर दिवस भरलेल्या बाईला कोण हलवणार, हे प्रश्न इथेच सुटतात किंवा तसेच राहतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या उदाहरणातून हे नियोजन समजून घेऊ या.

दोन जिल्हे, एकच खोरे

आजचा सांगली जिल्हा १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्याचाच भाग होता. त्या वर्षी 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कारभार वेगळा झाला, तरी नदी, रस्ते, ऊस आणि रुग्ण यांची ये-जा चालूच राहिली.

२०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख होती. साताऱ्यात ११ तालुके आहेत, सांगलीत १०. पण 'सरासरी तालुका' असा कुठेच नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि शिराळा हे डोंगराळ भाग आहेत. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि जत दुष्काळी आहेत. कराड, वाळवा, पलूस आणि मिरज हा नदीकाठचा बागायती, दाट वस्तीचा पट्टा आहे.

सरकारी निकष लोकसंख्येवर बसवलेला आहे. सपाट भागात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. डोंगरी भागात हे आकडे ३ हजार आणि २० हजार आहेत. हा निकष सुरुवातीला उपयोगी पडतो, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावातून दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो, हे लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून नियोजनाच्या नकाशावर किलोमीटरऐवजी वेळ लिहावी. ती पावसाळ्यातली आणि रात्रीची लिहावी.

कोणाच्या हाती काय आहे?

उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतात. कराडचे उपजिल्हा रुग्णालय त्यातलेच. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. त्याच्याशी जोडलेली मिरज आणि सांगलीची मोठी रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची शहरी केंद्रे वेगळी. शिवाय मिरज आणि कराडमध्ये धर्मादाय आणि खाजगी रुग्णालयांची जुनी परंपरा आहे. मिरजेचे वानलेस रुग्णालय एकोणिसाव्या शतकातले आहे.

रुग्णाच्या दृष्टीने हा सगळा एकच प्रवास असतो. आशा तिला उपकेंद्रात नेते, तिथून केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात आणि शेवटी मिरज, सातारा किंवा कराडला. या प्रवासात खाते दोन-तीनदा बदलते. एका खात्याची चिठ्ठी दुसऱ्या खात्यात पोहोचत नाही आणि परत तर येतच नाही. या सगळ्यांना एका खोलीत बसवणे हा अशा परिषदेचा पहिला उपयोग आहे.

गरज कशी मोजायची?

औषधांची मागणी करताना बहुतेक वेळा मागच्या वर्षीचा वापर घेऊन त्यात दहा टक्के वाढवले जातात. यात एक मोठी चूक लपलेली असते. मागच्या वर्षी गोळ्या चार महिने संपलेल्या असतील, तर वापर कमी दिसतो. मग पुढची मागणीही कमी जाते आणि गोळ्या पुन्हा संपतात. त्यामुळे गरज लोकसंख्येवरून मोजावी आणि वापराशी ताडून पाहावी.

३० हजार लोकसंख्येच्या एका केंद्राचे उदाहरण घेऊ.

महाराष्ट्रात जन्मदर हजारी सुमारे १५ आहे. म्हणजे या केंद्राच्या हद्दीत वर्षाला साधारण ४५० बाळे जन्मतात. गर्भपात वगैरे धरून गरोदर स्त्रिया सुमारे ५०० होतात. त्यातल्या १५ टक्क्यांना, म्हणजे ७५ जणींना काही ना काही गुंतागुंत होईल असे धरून तयारी ठेवावी लागते. साधारण ४५ ते ७० जणींना सिझेरियन लागू शकते. हे सिझेरियन केंद्रात होणार नाही. पण ते कुठे होईल, हे केंद्राच्या डॉक्टरला आधी माहीत हवे.

आता रक्तदाब पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ वर्षांवरील साधारण चौघांत एकाचा रक्तदाब वाढलेला असतो किंवा त्यासाठी गोळ्या चालू असतात. ३० हजारांत १५ वर्षांवरची माणसे सुमारे २२,५०० धरली, तर असे लोक साडेपाच हजारांच्या घरात जातात. त्यातले निम्मे जरी सरकारी केंद्रात आले आणि त्यांना रोज एकच गोळी लागली, तरी महिन्याला ८० हजारांहून जास्त गोळ्या लागतात. केंद्राच्या नोंदवहीत रक्तदाबाचे चारशेच रुग्ण असतील, तर बाकीचे गेले कुठे? काहींचा आजार ओळखलाच गेलेला नाही, काही खाजगीत जातात आणि काहींनी गोळ्या सोडल्या आहेत. या तिन्हींवर वेगवेगळे उपाय लागतात. पुढे पक्षाघात, हृदयविकार आणि डायलिसिसचे रुग्ण यांतूनच तयार होतात.

विखुरलेली साधने कामाला येत नाहीत

सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्त आणि प्रशिक्षित परिचारिका एकाच वेळी एकाच ठिकाणी लागतात. एका रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ, दुसऱ्यात भूलतज्ज्ञ आणि तिसऱ्यात रक्तसाठा असेल, तर अहवालात तीन रुग्णालये 'सज्ज' दिसतात. प्रत्यक्षात रात्री एकाही ठिकाणी शस्त्रक्रिया होत नाही. एकच तज्ज्ञ वर्षभर दिवसरात्र काम करू शकत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणून प्रत्येक तालुक्याला थोडे थोडे वाटण्यापेक्षा दोन-तीन तालुक्यांमागे एक रुग्णालय चोवीस तास पूर्ण चालवणे आणि तिथपर्यंतची रुग्णवाहिका पक्की करणे हे जास्त उपयोगाचे ठरते. यात 'आमच्या तालुक्यावर अन्याय' असा आक्षेप येतो. तो खोटा नसतो. म्हणून प्रवासाच्या वेळेचा नकाशा समोर ठेवूनच निर्णय करावा.

सर्पदंशाचेही असेच आहे. पाटण, शिराळ्याच्या डोंगरी भातशेतीत पावसाळ्यात सर्पदंश वाढतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच लस चालते. विषबाधा झालेल्या रुग्णाला सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. प्रत्येक केंद्रात चार-चार कुप्या ठेवल्या, तर एकाही रुग्णाचा पूर्ण पहिला डोस होत नाही. निवडक केंद्रांत पुरेसा साठा, लसीची रिॲक्शन आल्यास लागणारे ॲड्रिनॅलिन, श्वास देण्याची पिशवी आणि ती वापरता येणारा माणूस असायला हवा. हे जून उजाडण्यापूर्वी व्हायला हवे.

पुराचे नियोजन दोन्ही जिल्ह्यांनी मिळून

कोयना धरण साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात आहे. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीत जाते. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा मोठा पूर आला आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे दगावली.

वरच्या भागातला पाऊस आणि धरणाचा विसर्ग यांची खबर सांगलीच्या आरोग्य यंत्रणेला वेळेत मिळाली, तर काही तास हाताशी राहतात. त्या तासांत करायची कामे आधीच ठरलेली असावीत:

- महिन्याभरात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची गाववार यादी काढून त्यांना पाणी चढण्यापूर्वी हलवणे.
- डायलिसिस, क्षयरोग, मधुमेह आणि मानसिक आजाराच्या रुग्णांना महिन्याभराच्या गोळ्या आधी देणे आणि डायलिसिसची पर्यायी जागा ठरवणे.
- बुडणाऱ्या केंद्रांतला लसींचा साठा उंचावरच्या केंद्रात नेणे. लसींना २ ते ८ अंश तापमान लागते.
- पूर ओसरल्यावर लागणारे टीसीएल आधीच साठवून त्यातले क्लोरिन तपासणे. ताज्या पावडरीत ते सुमारे ३३ टक्के असते आणि २० टक्क्यांखाली गेल्यास ती पावडर वापरू नये.
- चिखलात काम करणाऱ्यांसाठी लेप्टोस्पायरोसिसवरील गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याची सोय करणे.

हद्दीवरची आणि हंगामी माणसे

गाळप हंगामात ऊसतोड कामगार आपल्या गावाबाहेर असतात. माण, आटपाडी, जत इथली माणसे बाहेर जातात आणि बीडसारख्या जिल्ह्यांतली इकडे येतात. गावच्या यादीत बाळाचा डोस 'बाकी' दिसतो आणि कारखान्याच्या तळावर बाळाची यादीच नसते. यावर उपाय साधा आहे. कारखान्याकडून टोळ्यांची माहिती घ्यावी, तळावर ठरलेल्या वारी लसीकरण आणि गरोदर तपासणी करावी आणि केलेली नोंद मूळ गावाला कळवावी.

जतच्या पूर्वेकडच्या गावांना मिरजेपेक्षा कर्नाटकातले विजयपूर जवळ पडते. तिथे अनेक घरांत कन्नड बोलली जाते. या भागाचे नियोजन करताना सीमेपलीकडे होणाऱ्या बाळंतपणांची नोंद आणि कन्नडमधली माहितीपत्रके दोन्ही लागतात.

पैसा कुठून येतो?

राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा आराखडा जिल्ह्यात तयार होतो. राज्य तो एकत्र करते आणि दिल्लीत त्याला मंजुरी मिळते. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. २०२२-२४ पासून हा आराखडा दोन वर्षांचा झाला आहे. म्हणजे एखादी गरज लिहायची राहिली, तर वाट लांबते. बांधकाम, दुरुस्ती आणि यंत्रसामग्रीसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधी असतो. छोट्या तातडीच्या खर्चाला रुग्ण कल्याण समिती आणि गावपातळीवरचा मुक्त निधी आहे. डॉक्टरला गरज माहीत असते, पण तिचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली बसतो हे व्यवस्थापकाला माहीत असते. दोघे एकत्र नसतील, तर गरज कागदावर राहते आणि निधी मार्चअखेर परत जातो.

परिषद कशी भरवावी?

व्यासपीठ, सत्कार आणि लांबलचक सादरीकरणे यांत दिवस संपतो. त्याऐवजी असे करता येईल:

१. आधी: प्रत्येक केंद्राने एका पानावर माहिती आणावी. वेळेचा नकाशा, पाच मुख्य आकडे आणि तीन मोठ्या अडचणी.

२. सकाळी: दोन-तीन मातामृत्यू किंवा बालमृत्यूंची नावे न घेता चर्चा करावी. उशीर कुठे झाला ते पाहावे. घरी निर्णय घ्यायला, वाटेत, की रुग्णालयात उपचार सुरू व्हायला? दोष देण्याची भीती असेल, तर खरी माहिती बाहेर येत नाही.

३. दुपारी: मोजकेच निर्णय घ्यावेत. प्रत्येक निर्णयापुढे जबाबदार व्यक्ती, तारीख आणि निधीचे शीर्षक लिहावे.

४. नंतर: तीन महिन्यांनी तीच यादी घेऊन पुन्हा बसावे.

बोलावताना आरोग्यसेविका, आशा, औषध निर्माण अधिकारी आणि रुग्णवाहिकेचे चालक यांना विसरू नये. रात्री कोणता रस्ता बंद असतो आणि कोणत्या रुग्णालयातून रुग्ण परत पाठवतात, हे त्यांनाच नीट ठाऊक असते.

नागरिकांनी काय करावे?

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीला जा. आपल्या केंद्राच्या डॉक्टरांना आणि जिल्हा परिषद सदस्यांना पुढचे प्रश्न विचारा:

- आमच्या गावातून रात्री अडलेल्या बाळंतिणीला कुठे नेणार आणि तिथे आज भूलतज्ज्ञ आहे का?
- मागच्या सहा महिन्यांत रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या किती दिवस उपलब्ध नव्हत्या?
- पूर, दरड किंवा पाणीटंचाईच्या काळात आमच्या केंद्राची पर्यायी सोय कोणती?

उत्तरे मिळाली, तर ती गावात फलकावर लिहा. मिळाली नाहीत, तर हेच प्रश्न पुढच्या आराखड्यात घालण्यासाठी ग्रामसभेत ठराव करा आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या. अडचणीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि गरोदर माता व बाळांसाठी १०२ हे क्रमांक घरात ठळक लिहून ठेवा.